अकराव्या प्रकरणात नसलेली बाई

डनीडन,
१७ एप्रिल २०२३

प्रिय नोएलीन,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. ओळखूनही फोडलंस, तर तुझे आभार. पत्ता युअनने दिला. तू दर वर्षी होकिटिकाहून बसच्या ड्रायव्हरबरोबर त्याला व्हाइटबेटचा डबा धाडतेस, हे म्हाताऱ्याने इतकी वर्षं मला कळू दिलं नाही. एकटाच ते मासे अंड्यात घालून तळतो आणि खातो, लबाड.

आपला रविवारचा गट अजून जिवंत आहे. लेखकांचा गट असं आपण ऐटीत म्हणायचो. आता खरंखुरं लिहिणारी एकच आहे, अनाहेरा. अडतीस वर्षांची नर्स, दोन मुलांची आई, पण आमच्यात ती पोरच. मी जुन्या लौकिकावर जगते आणि युअन चहा करतो. आणखी चारपाच जण येऊन जाऊन असतात; चीज रोल संपले की त्यांना कामं आठवतात. बैठक अजून युअनच्या काचेच्या पडवीत भरते, आणि नियमही तोच. ज्याचं लिखाण असेल त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, आणि शेवटी फक्त 'आभारी आहे' म्हणायचं. अनाहेराला हा नियम आवडत नाही. तिला बरंच काही आवडत नाही.

यंदा कुणी नवं काही आणत नाही, म्हणून एक जुनं पुस्तक सगळ्यांनी मिळून पुन्हा वाचायचं ठरलं. 'खारा ग्रह'. सत्तर वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती निघाली आहे, मुखपृष्ठ भिकार आहे. मी दुसरी तीन पुस्तकं सुचवली होती. त्यातलं एक तर सगळ्यांसाठी मीच आणते, असंही म्हटलं. कुणी ऐकलं नाही. "अगं ग्लेनिस, तुझं तर ते तोंडपाठ आहे, तुला काय त्रास होतोय?" युअन म्हणाला.

दर तीन आठवड्यांनी तीन प्रकरणं, आळीपाळीने, मोठ्याने. काल नववं संपलं. मिठाच्या ग्रहावर नऊ जण उतरले होते, त्यातले चार उरले आहेत. माणसं मारण्यात लेखक हुशार आहे, पण तीच माणसं बोलायला लागली की नुसती लाकडं. तरुणपणी मला हे दिसलं नव्हतं.

तू फिरत्या वाचनालयाची गाडी चालवणं सोडलंस असं युअन म्हणाला. सव्वीस वर्षं तिकडच्या पावसात ते धूड हाकलंस, कमाल आहे तुझी. गुडघे शाबूत आहेत का? माझा डावा गेला.

जाता जाता एक. ९१च्या हिवाळ्यात तू गटात एक गोष्ट वाचली होतीस, त्या स्वयंपाकिणीची. तिची प्रत आहे का तुझ्याकडे? सहज आठवलं म्हणून विचारते.

तुझी,
ग्लेनिस


डनीडन,
८ मे २०२३

प्रिय नोएलीन,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा होती असं म्हणायलाही मला तोंड नाही, पण तरी रोज पेटी उघडून बघते.

काल दहा, अकरा, बारा ही प्रकरणं झाली. अकरावं अनाहेराच्या वाट्याला आलं. ती छान वाचते, नाटक करत नाही. चार माणसं मीठ मोजतात, दिवा साफ करतात, एकमेकांवर खेकसतात, आणि त्यातला एक मरतो. एवढंच. प्रकरण संपलं तरी ती पुस्तक धरून बसली होती.

"मग ती बाई कुठंय?" तिने विचारलं.

"कोण बाई?" युअनने कानातलं यंत्र नीट केलं.

"मेलेल्यांची ताटं मांडणारी. मी तिचीच वाट बघत होते. अकरा प्रकरणं झाली, या पुस्तकात एक बाई नाही! बाई सोडा, यातल्या एकालाही स्वतःची आई आठवत नाही."

"येईल गं पुढे."

"नाही येत. मी शेवटपर्यंत वाचून काढलंय. दोनदा."

अनाहेराला ती बाई कशी ठाऊक, ते मी पुढे कधीतरी लिहीन. आज तुला जे सांगायचं आहे ते हे, की माझी चूक झाली होती.

तुला तो दिवस आठवत असेलच. नसेल आठवत तर फार बरं होईल. जुलैचा रविवार होता, डोंगरावर बर्फ पडलं होतं म्हणून दोघंतिघं उशिरा आले. तू गोष्ट वाचलीस. मिठाच्या ओसाडीत राबणारी तुकडी, तिची स्वयंपाकीण. एकेक माणूस जातो, तरी ती रोज संध्याकाळी सगळ्यांची ताटं मांडते. मग एके दिवशी एका रिकाम्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसतं, माणूस नसलेलं. आणि ती वर न बघताच म्हणते, "हात धुऊन ये."

तू थांबलीस. कुणी काही बोलायच्या आत मी बोलले. "नोएलीन, हे 'खारा ग्रह'मध्ये आहे. अकरावं प्रकरण. जवळजवळ जसंच्या तसं." हे मी हळुवारपणे म्हटलं, त्याचा तर मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. पेपरात परीक्षणं लिहिणारी मी, विज्ञानकथांमधली गटाची चालतीबोलती लायब्ररी मी. युअन म्हणाला, "हो हो, आठवतंय." मग सगळ्यांनाच आठवलं. एकाने तर पानाची कुठली बाजू तेही सांगितलं. आणि नियमाप्रमाणे तू गप्प बसलीस, आणि सगळ्यांचं झाल्यावर 'आभारी आहे' म्हणालीस. मग तू सगळ्यांकडून कागद गोळा केलेस.

त्यानंतर तू दोनदा आलीस, हात हलवत. मग आलीच नाहीस, आणि पुढे होकिटिकाला गेलीस.

ते त्या पुस्तकात नाही, नोएलीन. कधीच नव्हतं. माझ्या आठवणीने मला दगा दिला. शंभर पुस्तकं डोक्यात असली की एकातलं दुसऱ्यात सांडतं, तुला ठाऊक आहे. मनापासून माफी मागते.

ग्लेनिस


डनीडन,
२९ मे २०२३

प्रिय नोएलीन,

मागचं पत्र टाकून आले तेव्हा मला बरं वाटलं होतं. पत्र फार चांगलं उतरलंय असंही वाटलं. माणूस किती निर्लज्ज असतो बघ. माफीनाम्यातसुद्धा भाषा बघत होते.

अनाहेराला ती बाई ठाऊक होती कारण तिने माझी कादंबरी वाचली आहे. 'पाहुण्याचं ताट', १९९६. तू वाचलीस का ते मला माहीत नाही. तुझ्या गाडीत ती असणारच. किती वेळा ती तुझ्या हातून शिक्का मारून गेली असेल, याचा विचार मी गेले तीन आठवडे करते आहे. तिच्यात ती स्वयंपाकीण आहे. रिकाम्या खुर्च्या आहेत, तो पाहुणा आहे आणि "हात धुऊन ये" आहे. शेवटच्या पानावर मी मोठ्या मनाने टीप दिली आहे की या प्रसंगासाठी मी 'खारा ग्रह'च्या लेखकाची ऋणी आहे. लोकांनी माझ्या नम्रतेचं कौतुक केलं. मला त्या कादंबरीसाठी पारितोषिक मिळालं तेव्हा सूत्रसंचालक मंचावरून मला म्हणाला, "बाई, हात धुऊन या!" आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसले.

माझा युक्तिवाद असा होता. ते जुन्या पुस्तकातलं आहे, म्हणजे तुझं नाही. जुन्या थोरांकडून सगळेच घेतात, उघड सांगून घेतात. तू न सांगता घेतलंस म्हणून तुला टोकलं, मी सांगून घेतलं म्हणून मी सज्जन. किती सोयीचं!

एकदा ऑकलंडच्या एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं होतं की तो प्रसंग 'खारा ग्रह'मध्ये नेमका कुठे आहे, त्याला काही सापडत नाही. मी उत्तर दिलं नाही. तू त्या वर्षीपर्यंत नाताळचं कार्ड पाठवायचीस. त्यालाही मी उत्तर देणं बंद केलं. तेव्हा कामाच्या रामरगाड्यात राहून गेलं अशी स्वतःची समजूत घातली होती.

काल बैठकीत अनाहेराने माझी कादंबरी आणि 'खारा ग्रह' दोन्ही शेजारी शेजारी मांडली. "ग्लेनिस, मला खरंच समजत नाहीये. तुम्ही ऋण मानलंय ते कशाचं?"

यावर मी काय म्हणाले असेन? खरं सांगायची आयती संधी होती. मी म्हणाले, "पुस्तकाआधी ते मासिकात क्रमशः आलं होतं. तिथला मजकूर वेगळा होता. त्यात असेल."

"मग मागवते मी," ती म्हणाली. "वेलिंग्टनच्या ग्रंथालयात असतील ते अंक."

"कशाला उगीच त्रास घेतेस?"

"त्रास कसला? मला बघायचंच आहे."

ही मुलगी दिवसभर लोकांच्या हातात सुया टोचते. शीर सापडेपर्यंत सोडत नाही.

मासिकातही नाही, नोएलीन. मला ठाऊक आहे. ते मला कसं ठाऊक आहे हे मात्र आज लिहवत नाही.

ग्लेनिस


डनीडन,
१९ जून २०२३

प्रिय नोएलीन,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. आता सरळ लिहिते.

त्या जुलैच्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले होते. 'खारा ग्रह' काढलं. अकरावं प्रकरण वाचलं, मग दहावं, मग बारावं, मग उभ्या उभ्या सगळं चाळलं. नव्हतं. तळघरात त्या मासिकाचे अंक होते, तेही काढायला लावले. तिथली बाई माझ्यासाठी शिडीवर चढली होती. त्यातही नव्हतं.

म्हणजे दोन दिवसांत मला कळलं होतं. तू तेव्हा इथेच, व्हॅली भागात राहत होतीस, माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. मी गेले नाही. पुढच्या बैठकीला तू आलीस, माझ्यासमोर बसलीस, कुणाच्या तरी कवितेवर दोन चांगले शब्द बोललीस. मी तुला चीज रोल दिला. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मी मनात म्हणत होते, ही आपणहून विषय काढेल तेव्हा सांगू. तू काढला नाहीस आणि मी सुटले.

आठवणीने दगा दिला असं मी तुला मे महिन्यात लिहिलं. तो दगा दोनच दिवस टिकला होता. बाकीची बत्तीस वर्षं माझी स्वतःची.

आणि तुझ्या गोष्टीची प्रत माझ्याकडे आहे. तेव्हा वाचणारा प्रत्येकाला प्रत वाटायचा आणि बैठक संपल्यावर आपण त्या परत द्यायचो. तू गोळा करत होतीस तेव्हा मी माझी प्रत पर्सखाली सरकवली. तुझ्याकडे प्रत आहे का, असं मी एप्रिलमध्ये 'सहज' विचारलं, ते काही सहज नव्हतं. मला जाणून घ्यायचं होतं की पुरावा तुझ्याकडे आहे की फक्त माझ्याकडे.

काल अनाहेरा मासिकाच्या पानांच्या झेरॉक्स घेऊन आली. पिशवीतून काढायच्या आतच मी म्हणाले, "ठेव ते. त्यात काही नाही." आणि सगळं सांगितलं. इथे जे लिहिलंय तेच, याच क्रमाने. शेवटी युअन म्हणाला, "आता आम्ही बोलू. तू गप्प बस." नियमच तो.

मग युअनच बोलला. "मी ते पुस्तक तेव्हा वाचलेलंच नव्हतं," तो म्हणाला. "एक पानही नाही. सगळ्यांनी वाचलेलं असायचं ना, मग आपण नाही कसं म्हणायचं? ग्लेनिस म्हणाली आहे, म्हणून मी म्हटलं आठवतंय. यंदा फेब्रुवारीत पहिल्यांदा उघडलं." त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, नोएलीन, चष्मा काढून हुंदके द्यायला लागला. "दर वर्षी तिचे मासे खातो मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

अनाहेराने त्याला पाणी दिलं. मग ती माझ्याकडे वळली. वाटलं होतं आरडाओरडा करेल. तिने वॉर्डातल्या आवाजात विचारलं, "लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, हा नियम कुणी केला होता?"

मी युअनकडे बघितलं.

"नियम बाजूला ठेवा. सांगा."

"मी," मी म्हणाले. "एकोणनव्वद साली. लोक आपल्या लिखाणाची वकिली करण्यात वेळ घालवतात म्हणून."

"मग त्या दिवशी नोएलीनला एवढंच म्हणायचं असतं ना, की पुस्तक आणा आणि दाखवा? एवढं एक वाक्य?"

"हो."

"ते तुम्ही तिला म्हणू दिलं नाही."

ती उठली, झेरॉक्स चुलीजवळच्या रद्दीत टाकल्या आणि गेली. पुढच्या बैठकीला येते की नाही माहीत नाही. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. माझी जनाचीच होती, तीही काल त्या पडवीत गेली.

आता कामाचं. 'पाहुण्याचं ताट'ची नवी आवृत्ती सप्टेंबरात निघणार आहे. मी प्रकाशकाला खरं काय ते कळवलं. त्यांचं म्हणणं असं की टीप गुपचूप काढून टाकू, कशाला गाजावाजा. मी नाही म्हटलं. तो प्रसंग तुझा आहे, तुझ्या नावाने छापायचा, आणि तो माझ्या हाती कसा आला ते मी लिहायचं, नाहीतर पुस्तकच निघू द्यायचं नाही. पण तुझ्या होकाराशिवाय तुझं नाव कुठेही टाकणार नाही. तुला न विचारता एकदा बरंच काही करून झालं आहे.

मला माफ कर असं मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. ते मागे घेते. तुझ्याकडून आणखी काही मागायचा मला हक्क नाही. फक्त हो किंवा नाही कळव.

ग्लेनिस


डनीडन,
१० जुलै २०२३

प्रिय नोएलीन,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की आता न बघता लिहू शकेन. तरी पुढ्यात ठेवून इथे उतरवते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देताना तुझे शब्द माझ्याकडून एका अक्षराने बदलायला नकोत.

'ग्लेनिस, तुझी चारही पत्रं मिळाली. मी ते पुस्तक कधी तपासलं नाही. तुला वाटलं असेल की मला माहीत होतं आणि मी राग धरून बसले. तसं नाही. तू म्हणालीस म्हणजे असणारच, असं मला वाटलं. लहानपणी बाबा ते पुस्तक आम्हाला वाचून दाखवायचे, तेव्हा कानात शिरलं असेल आणि राहिलं असेल. मला फार लाज वाटली होती. पुढे काही सुचलं की आधी मनात यायचं, हे कुणाचं असेल? मग मी ते लिहायचंच नाही. असं दोनेक वर्षं चाललं, मग सुचणंही थांबलं. गाडीतही बाबा वाचायचे ते पुस्तक असायचं. नाव दिसू नये म्हणून मी ते नेहमी पाठ आत करून लावायचे. नाव छापायचं तर छाप. मला आता त्याने काही फार होत नाही, पण माझ्या नातीला आवडेल. एक विचारते. चार पत्रांत तू स्वतःबद्दल पुष्कळ लिहिलंस. त्या दिवशी मी वाचून थांबले, आणि ते कुठून आलं हे सगळ्यांनी सांगितलं. कसं झालंय ते कुणी सांगितलं नाही. तूही अजून सांगितलं नाहीस. कसं होतं? नोएलीन.'

मी धरून चालले होते की तू चिडली असशील. ती चिडलेली नोएलीन मी बत्तीस वर्षं डोक्यात सांभाळली, कारण ती मला बरी पडत होती. चिडलेल्या माणसाला निदान ठाऊक असतं की आपण खरे आहोत. तुला मी तेवढंही ठेवलं नाही. दोन वर्षं तू स्वतःच्या मनात चोर शोधत राहिलीस, आणि चोर इकडे कादंबरी लिहीत होता. याला काय म्हणावं ते मला सुचत नाही. मला लाज वाटते, एवढंच.

आता तुझा प्रश्न.

तू वाचायला लागलीस तेव्हा मी पेन्सिल हातात घेऊन बसले होते, नेहमीसारखी. लोकरीच्या गिरणीत कपात चालू होती, तोच तो हिवाळा. तू तिथल्या कँटीनमध्ये रोज ऐंशी जणांचं जेवण करायचीस, मग साठ, मग पंचेचाळीस. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण तू यायचीस ती तिथूनच, अंगाला कांद्याचा वास घेऊन. ती रिकामी खुर्ची कुठून आली हे समजायला पुस्तकं वाचायची गरज नव्हती. पण आम्ही पुस्तकं वाचलेली माणसं.

दुसऱ्या पानावर माझी पेन्सिल थांबली. ती बाई मेलेल्या पोराच्या ताटात बटाटा वाढते आणि मग त्याला आवडत नाही म्हणून काढून घेते, तिथे. चौथ्या पानावर तो पाहुणा आला तेव्हा मी श्वास घेत नव्हते. तू थांबलीस. पडवीत कुणी हललं नाही. आणि मला इतका राग आला, नोएलीन! माझी एम.ए.ची पदवी, माझी परीक्षणं, माझी तीन साभार परत आलेली हस्तलिखितं. त्या दिवशी तुझ्यानंतर पाळी माझी होती. माझी गोष्ट मांडीवर होती आणि तुझं ऐकल्यावर ती मला स्वतःलाच वाचवेना.

डोक्यात एकच आलं. हे आमच्यातल्या कुणाला जमणारं नाही. हिला तर नाहीच नाही. म्हणजे हे कुठल्यातरी थोर पुस्तकातलं असणार. आणि मी जे सर्वांत थोर समजत होते त्याचं नाव माझ्या तोंडून निघालं, प्रकरणाच्या आकड्यासकट. त्या क्षणी मला ते खरंच वाटलं होतं. ते इतकं चांगलं होतं, म्हणूनच वाटलं.

आता ते खरं पुस्तक मी पुन्हा वाचलं आहे, सगळ्यांबरोबर, मोठ्याने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. तुझ्या पाच पानांच्या तोडीचं त्यात काही नाही. अनाहेरा काल आली होती. तिला मी तुझी पानं वाचायला दिली, तुझ्या नावासकट. वाचून ती म्हणाली, "ग्लेनिस, पुस्तकात हे एवढंच तर चांगलं होतं." माझ्या पुस्तकात, असं तिला म्हणायचं होतं. मग तिच्या लक्षात आलं. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.

तुझी पानं सोबत पाठवते आहे. त्यांच्यावर पेन्सिलची एकही खूण नाही. छापण्याआधी ते माझं वाटावं म्हणून मी ते माझ्या भाषेत सतरा वेळा लिहून पाहिलं होतं. तिला शिकलेली केलं, विधवा केलं, एकदा पुरुष केलं. पाहुण्याला बोलायला लावलं. दर वेळी बिघडलं. शेवटी कंटाळून मी तुझंच होतं तसं ठेवलं.

ग्लेनिस